भुऱ्याची सलामी

पोरांनो, भुऱ्याला आत्ता हाक मारू नका. ओट्यावर गप बसा आणि नुसतं बघत राहा. समोरच्या फडात काल ऊसतोडीची टोळी उतरलीय. त्यांच्या कोपीवरची ती काळी कुत्री बांधावर येऊन उभी राहिलीय, दिसली का? बीडकडून टोळीबरोबर ट्रकमधनं आलीय ती. आपल्या लासुर्णे गावाचं तिला काही ठाऊक नाही आणि भुऱ्याची तिची आजवर कधी गाठ पडलेली नाही. दोघांच्याही तोंडात बेचाळीस-बेचाळीस दात आहेत. आता भांडण जुंपतंय का खेळ रंगतोय, ते मिनिटाभरात ठरेल.

हं, बघितलंत? भुऱ्यानं पुढचे दोन्ही पाय लांब करून पार कोपरापर्यंत जमिनीला टेकवले. छाती खाली गेली, कंबर मात्र वरच राहिली. शेपूट हवेत हलतेय, तोंड सैल उघडं आहे. क्षणभर तसाच थांबला, एकदा भुंकला आणि टुणकन उडी मारून बाजूला पळाला. पळताना मागं वळून बघतोय, ती येते का म्हणून. आणि ती काळीही वाकली! गेली बघा दोघं सरीतनं धावत.

धाकटे, काल संध्याकाळी तू ज्याला भिऊन माझ्या धोतराआड लपलीस, ते हेच होतं. तुला वाटलं हा दबा धरतोय, आता अंगावर येणार. वाटणारच. तुझ्या पुण्याच्या सोसायटीत कुत्री पट्ट्याला धरलेली असतात, त्यांना असं मोकळं वागायला मिळतच नाही. भुऱ्या तुला खेळायला बोलवत होता.

आपल्या जत्रेतल्या कुस्त्या तुम्ही पाहिल्यात. दोन पैलवान आखाड्यात उतरतात, अंगाला माती लावतात आणि भिडायच्या आधी हात मिळवतात. ती सलामी. त्यानंतर एक जण दुसऱ्याला उचलून आपटतो, मानेवर गुडघा रोवतो, तरी बघणाऱ्यांपैकी कुणी भांडण सोडवायला धावत नाही. सलामी झालेली असते ना. भुऱ्या वाकला ती त्याची सलामी. आता मी अंगावर येईन, गुरगुरेन, मानेला धरेन, पण त्यातलं काही खरं मानू नकोस, एवढं सगळं तो त्या एका वाकण्यात सांगून मोकळा होतो.

याची गरज का पडते, ते नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथंच आहे. कुत्र्याच्या खेळात वेगळं असं फार थोडं असतं. पाठलाग, झडप, मान पकडणं, खाली पाडणं, अंगावर चढणं हे सगळं शिकारीतलं आणि भांडणातलं. तेच दात, तेच पाय, तेच डाव. मग समोरच्यानं ओळखायचं कसं, की हा चावा लटका आहे? एकदा जरी गैरसमज झाला तरी खेळाची मारामारी व्हायला वेळ लागत नाही. म्हणून आधी सांगावं लागतं.

अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात मार्क बेकॉफ नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी या एका वाकण्यामागं आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली. कुत्र्यांची, लांडग्यांची आणि कायोटीची पिल्लं खेळत असताना त्यांनी फिल्म काढली आणि ती एकेक चित्र थांबवून पाहिली. कायोटी म्हणजे तिकडचा, आपल्या कोल्ह्यापेक्षा थोडा मोठा, लांडग्याच्या कुळातला प्राणी. १९७७ साली त्यांनी दाखवून दिलं की हे वाकणं सगळीकडं जवळजवळ एकाच साच्याचं असतं. बाकीच्या हालचाली जनावरागणिक बदलतात, ही फार बदलत नाही. निरोप अगदी स्पष्ट पोचायला हवा असेल तर तो दर वेळी तसाच दिसला पाहिजे ना! पैलवान कोल्हापूरचा असो नाहीतर इंदापूरचा, सलामी बघताक्षणी कळते.

मग १९९५ साली त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली, ती मला फार आवडते. हे वाकणं नुसतं खेळाच्या सुरुवातीला होत नाही, मधे मधेही होतं. पण मधे म्हणजे कधी? तुम्ही भुऱ्याला घुशीमागं लागलेला पाहिलाय. घूस तोंडात आली की तो मान डावी-उजवी जोरात झटकतो. त्या झटक्यानं घुशीचा मणका मोडतो, म्हणजे तो खराखुरा मारायचा डाव आहे. खेळतानासुद्धा कुत्री कधी कधी दुसऱ्याचं कातडं दातात धरून तसाच झटका देतात. तेव्हा समोरच्याच्या मनात शंका येणार, हा अजून खेळतोय का याचं डोकं फिरलं? बेकॉफना आढळलं की अशा चावऱ्या झटक्याच्या नेमकं आधी किंवा नेमकं नंतर वाकणं जास्त दिसतं. जिथं गैरसमज व्हायचा धोका जास्त, तिथं पुन्हा सांगायचं. मुक्या जनावराला हे सुचतं, याचं मला आजही नवल वाटतं.

थोरल्या, तुझा प्रश्न बरोबर आहे. एखाद्यानं वाकून फसवलं तर? खेळायला बोलवायचं आणि जवळ आल्यावर खरंच चावायचं? कायोटीच्या पिल्लांमध्ये बेकॉफनी हेही पाहिलं. जे पिल्लू वाकून बोलावतं आणि मग खरोखर चावतं, त्याच्याशी बाकीची खेळेनाशी होतात. ते बोलवत राहतं, दुसरी टाळत राहतात. त्यामुळं वाकण्याचा खोटा वापर फार काळ कुणाला परवडत नाही.

आता तिकडं बघा. थांबले दोघं. जीभ बाहेर, धाप लागलीय, काळी दुसरीकडंच बघतेय. तुम्हाला वाटेल संपला खेळ. आता भुऱ्यावरची नजर काढू नका... वाकला! आणि पुन्हा पळापळ सुरू.

मिशिगन विद्यापीठात बार्बरा स्मट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मोठ्या वयाच्या पाळीव कुत्र्यांचं वाकणं बहुतेक वेळा खेळ थोडा थांबल्यानंतर दिसलं. विसावा झाला, चल आता पुढचा डाव, असा त्याचा अर्थ. बेकॉफ म्हणाले गैरसमज टाळायला वाकतात, या म्हणाल्या थांबलेला खेळ पुन्हा लावायला वाकतात. मला विचाराल तर यात भांडणासारखं काही नाही. बेकॉफनी पिल्लंसुद्धा पाहिली होती आणि पिल्लांना एकमेकांच्या चाव्याचा अंदाज अजून यायचा असतो. पोक्त कुत्र्यांना तो आलेला असतो, त्यांना खेळाची घडी तेवढी पुन्हा बसवायची असते.

पण वाकलेलं समोरच्याला दिसलंच नाही तर? बरोबर, वाया गेलं. आणि हे कुत्र्याला कळतं! अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या बाईंनी बागेत खेळणाऱ्या कुत्र्यांचं चित्रीकरण केलं आणि ते संथ गतीनं पाहून २००९ मध्ये त्याबद्दल लिहिलं. समोरच्याचं तोंड आपल्याकडं असेल तरच कुत्री वाकतात. तो पाठमोरा असेल, दुसऱ्याशी खेळण्यात गुंतला असेल, तर आधी त्याचं लक्ष वेधून घेतात. नाकानं ढोसतात, पंजा मारतात, भुंकतात किंवा सरळ त्याच्या तोंडापुढं जाऊन उभी राहतात. तो जेवढा गुंतलेला, तेवढा उपायही जोरकस. एकदा त्यानं पाहिलं की मग वाकणं. थोरल्या, काल तू मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होतास, तेव्हा भुऱ्यानं तुझ्या कोपराखाली नाक घालून तुझा हात उडवला, आठवतं? तू त्याच्यावर खेकसलास. त्याला आधी तुझं तोंड आपल्याकडं वळवायचं होतं. वळलं असतं तर पुढं तो काय करणार होता, हे आता तुला कळलं.

पुढचे पाय ताणले की ते खेळायचं बोलावणंच, असं मात्र धरून चालू नका. सकाळी भुऱ्या पोत्यावरनं उठतो तेव्हाही पुढचे पाय लांब करून पाठ ताणतो. बघायला सारखंच. पण तेव्हा तो कुणाकडं बघत नाही, डोळे अर्धे मिटलेले असतात, जांभई देतो, सगळं सावकाश चालतं, आणि मग पुढं सरकून मागचे पायही एकेक करून ताणतो. तो आळस. बोलावणं झटक्यात येतं आणि डोळे तुमच्यावर असतात.

तिसरा प्रकार मात्र ओळखायलाच हवा. कुत्रं सगळंच्या सगळं खाली दबलंय, कंबरसुद्धा. मान पुढं काढलीय, तोंड घट्ट मिटलंय, डोळे एका जागी रोखलेत, अंगात हालचाल नाही. हा दबा. कोंबडीवर धरलेला असेल तर कोंबडी गेली म्हणून समजा. खेळकर कुत्र्याचं अंग सैल असतं, नागमोडी हलतं, शेपटीबरोबर कंबरही हलते. तोंड उघडं, ओठ ढिले. उड्या गरजेपेक्षा मोठ्या. वाकडं-तिकडं पळणं, विनाकारण गिरकी घेणं, मधेच शिंकल्यासारखं करणं. कामाला निघालेलं जनावर अंगातली ताकद अशी उधळत नाही. म्हणून एक-एक अवयव सुटा बघू नका, सगळं कुत्रं बघा.

शेपटीबद्दल तर लोकांची मोठीच गफलत होते. शेपूट हलली की कुत्रं लाडात आलं, असं सरसकट मानतात आणि हात पुढं करून चावून घेतात. शेपूट हलते म्हणजे त्याच्या मनात काहीतरी जोरात चाललंय, एवढंच नक्की. ते काय चाललंय, ते बाकीचं अंग सांगतं. उंच, ताठ, बारीक थरथरणारी शेपूट आणि ताठरलेलं अंग दिसलं की लांब राहायचं.

इटलीतल्या शास्त्रज्ञांनी तर शेपूट कुठल्या बाजूला जास्त झुकते ते मोजलं. अँजेलो क्वारांता, मार्चेल्लो सिनिस्काल्की आणि जॉर्जिओ वॅलोर्टिगारा अशी त्यांची नावं, साल २००७. तीस कुत्र्यांना त्यांनी एकेक करून खोक्यात ठेवलं आणि फटीतनं वेगवेगळं काही दाखवलं. मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या उजव्या बाजूला जास्त झुकायची. अनोळखी, दांडगं कुत्रं दिसलं की डाव्या बाजूला. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी. जवळ जावंसं वाटणं एकीकडं, मागं सरावंसं वाटणं दुसरीकडं, अशी मेंदूत विभागणी असते, ती शेपटीत उतरली. २०१३ मध्ये त्याच मंडळींनी पुढचा प्रश्न विचारला, दुसऱ्या कुत्र्यांना हा फरक कळतो का? कळतो. डावीकडं झुकणारी शेपूट पडद्यावर पाहताना बघणाऱ्या कुत्र्यांच्या काळजाचे ठोके वाढले, ती बेचैन झाली. आपल्या साध्या डोळ्यांना हे टिपणं कठीण आहे, भुऱ्याला ते जमतं.

आता पुन्हा फडाकडं बघा. भुऱ्या पाठीवर पडलाय आणि काळी त्याच्या छातीवर उभी आहे. धाकटे, घाबरू नकोस, हरला नाहीये तो. भुऱ्या तिच्यापेक्षा ताकदीचा आहे, मनात आणलं तर एका धडकेत तिला पाडेल. पण तो आपणहून पडला. ताकदवान कुत्री खेळात आपला जोर आवरतात. हळू पळतात, तोंड ढिलं ठेवून चावतात, मुद्दाम पाठीवर पडतात. नाहीतर लहान किंवा दुबळं कुत्रं खेळेल कशाला? कॅमिल वॉर्ड आणि स्मट्स यांनी पिल्लांचा अभ्यास केला, तेव्हा नर पिल्लं मादी पिल्लांबरोबर खेळताना असा कमीपणा जास्त घेताना दिसली. त्यांना जिंकण्यापेक्षा खेळ चालू राहणं हवं होतं. वस्ताद नव्या पोराला अंगावर घेतो, तेव्हा असाच जोर आवरतो.

हे पिल्लू कुठं शिकतं? भावंडांत. तिसऱ्या आठवड्यापासून ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत त्याचं खरं शिक्षण होतं. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथं जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं शेकडो पिल्लं वाढवून हा काळ ठरवला. १९६५ साली त्यांचं पुस्तक आलं. या दिवसांत पिल्लू ज्यांच्यात वावरतं, त्यांना ते आपलं मानतं. भावाला जोरात चावलं की भाऊ केकाटतो आणि खेळ सोडून जातो. दहादा असं झालं की जबड्याचा जोर किती ठेवायचा ते कळतं. म्हणून महिन्याभराचं पिल्लू आईपासून तोडून आणू नका, असं मी सगळ्यांना सांगत असतो. लोकांना ते गोजिरं दिसतं, पण त्याची तालीम अर्धवट सुटते आणि मोठेपणी ते खेळताखेळता रक्त काढतं. आठ आठवडे तरी आईजवळ राहू द्यावं.

आपल्या धनगरांना हे कुणी पुस्तकातनं शिकवलेलं नाही. तुकोबांची पालखी आपल्या रस्त्यानं जाते, तेव्हा अलीकडं काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं आणि मग बेलवाडीला घोड्याचं. काटेवाडीला पालखीभोवती धावणाऱ्या त्या मेंढ्या एरवी माळावर कुणाच्या भरवशावर असतात? वाड्यावरच्या कुत्र्यांच्या. त्या कुत्र्यांची पिल्लं कोकरांच्या अंगावर लोळतच मोठी होतात. त्या वयात मेंढी त्यांच्या घरचीच होऊन जाते. पिल्लू कोकरापुढं वाकतं, उड्या मारतं. कोकराला त्यातलं काही कळत नाही, ते ढुशी देऊन निघून जातं. पण मोठेपणी हेच कुत्रं मेंढरापुढं उभं राहून लांडग्यावर भुंकतं.

धाकटे, आता तुझा खरा प्रश्न. आपण वाकलो तर भुऱ्याला कळेल का?

कळेल. इंग्लंडमध्ये निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी २००१ साली याचाच प्रयोग केला. आधी त्यांनी नुसतं पाहिलं की लोक आपल्या कुत्र्याला खेळायला कसं बोलावतात. कुणी फरशी थोपटतं, कुणी टाळ्या वाजवतं, कुणी कुजबुजतं, कुणी कुत्र्याला ढकलतं. गंमत अशी निघाली की लोक जे जास्त करत होते, तेच जास्त लागू पडत होतं असं मुळीच नाही. मग त्यांनी दोन खुणा नीट तपासल्या. एक, माणसानं गुडघ्यावर बसून हात पुढं टेकवत कुत्र्यासारखं वाकायचं. दुसरी, एकदम पुढं झेपावल्यासारखं करून थांबायचं. दोन्हींनी कुत्री खेळायला लागली आणि बरोबर खेळकर आवाज काढला की आणखी जास्त. म्हणजे दोन पायांचं, शेपूट नसलेलं जनावर वाकडंतिकडं का होईना सलामी करतंय, हे कुत्र्याला उमगतं.

कुत्री आपल्याला किती वाचतात, याचा अभ्यास आपल्याकडंही झालाय. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्र यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम करतो. ज्यांना कुणी पाळलं नाही, शिकवलं नाही, अशा कुत्र्यांसमोर अनोळखी माणसानं दोन वाडग्यांपैकी एकाकडं बोट दाखवलं. बरीच कुत्री भिऊन जवळच आली नाहीत. पण जी आली, त्यातली साधारण ८० टक्के त्या बोटाच्या रोखानं गेली. २०२० सालची ही गोष्ट. आपल्या हाताचं वळण ती उकिरड्याजवळ बसून शिकली आहेत. तेव्हा आपणही त्यांच्या अंगाचं वळण शिकायला काय हरकत आहे?

आता मात्र कान देऊन ऐका, यात मी कुणाचं चालू देणार नाही. भुऱ्याशी खेळायचं ते मी किंवा आजी अंगणात असताना. तो जेवत असेल, झोपला असेल, साखळीला असेल तर जायचं नाही. वाकायचं ते चार हात लांबून, त्याच्या तोंडाला तोंड भिडवून नाही. गळ्यात पडून मिठी मारायची नाही. आपल्याला ती माया वाटते, त्याला ती पकड वाटते. आणि तो खेळतोय म्हणून ओढाताण करत सुटायचं नाही. मधे थांबा आणि हात मागं घ्या. त्यानं पुन्हा बोलावलं तर त्याला हवंय. त्यानं मान फिरवली, ओठांवरनं जीभ फिरवली, जांभई दिली, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला, शेपूट पायांत गेली किंवा तो एकदम जागच्या जागी ताठ झाला, तर तिथंच सोडायचं. गुरगुरला म्हणून त्याला मारायचंही नाही. खेळातही कुत्री गुरगुरतात. अंग सैल असेल तर ते खेळातलं. आणि अंग ताठ ठेवून गुरगुरला तर तो आपल्याला आधी सूचना देतोय. मार खाऊन तो सूचना देणं बंद करेल आणि पुढच्या वेळी थेट चावेल.

एसटी थांब्यावरच्या, कोपीवरच्या कुत्र्यांशी खेळायचं नाही. ती काळी कितीही छान वाकली तरी तिचं बोलावणं भुऱ्यासाठी आहे. भुऱ्याला रेबीजची लस दर वर्षी देतो, तिची मला माहिती नाही. कुठल्याही कुत्र्याचा दात लागला, खेळताना लागला, नुसतं खरचटलं, तरी लपवायचं नाही. ताबडतोब मला सांगायचं. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यायची. हळद, चुना, मिरची असलं काही त्यावर लावायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचत नाही, पण वेळेवर उपचार घेतले तर तो रोग होतच नाही.

थोरल्या, लांडगे असं वाकतात का, विचारलंस ना? वाकतात. बेकॉफच्या फिल्ममध्ये लांडग्यांची पिल्लंही होती. भुऱ्याला ही सलामी माणसानं शिकवली नाही, ती त्याच्या पूर्वजांकडूनच आली. हजारो वर्षांपूर्वी लांडग्यांच्या कुळातली काही जनावरं माणसाजवळ राहिली आणि त्यांची कुत्री झाली. फरक एवढाच, की लांडगा मोठा झाला की पोटापाण्याला लागतो, त्याचं खेळणं पुष्कळ कमी होतं. कुत्रं म्हातारपणापर्यंत खेळतं. भुऱ्याची आई दात पडल्यावरही चेंडू आणून माझ्या पायाशी टाकायची.

आणि लांडगे बघायला लांब जायला नको. याच इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचं माळरान आहे. आपल्याकडं नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी आलं आणि ऊस झाला. तिकडं अजून गवत आहे, म्हणून लांडगे आहेत, चिंकारा आहे, खोकड आहे, तरस आहे. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन असं लोक समजतात, तिथं झाडं लावायला निघतात, खाणी काढायला निघतात. त्या गवतावर किती जीव पोसलेत ते एकदा पहाटे जाऊन बघितलं की कळतं. भारतीय लांडग्याचं घराणं जगातल्या लांडग्यांमधल्या सगळ्यांत जुन्या घराण्यांपैकी एक आहे, असं जनुकांचा अभ्यास करणारे सांगतात. थंडीच्या सुमाराला त्यांची पिल्लं जन्मतात आणि थोडी मोठी झाली की बिळाबाहेर येऊन खेळतात. तिथंही पुढचे पाय टेकतात, कंबर वर राहते.

पण या गोष्टीला एक दुखरी बाजू आहे. गावांभोवती मोकाट कुत्री वाढली, उकिरडे वाढले आणि कुत्री माळावर पोचली. लांडग्यांची संख्या कमी, त्यांना जोडीदार मिळणं अवघड. मग काही ठिकाणी लांडगे आणि कुत्री यांची जोडी जमायला लागली. पुण्याजवळच्या माळरानातल्या एका प्राण्याची जनुकं बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतल्या आणि त्यांच्या जोडीच्या संशोधकांनी वाचली आणि तो लांडगा-कुत्रा असा मिश्र निघाला. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. जनुकांच्या पुराव्यानिशी भारतात हे पहिल्यांदाच सिद्ध झालं. पुण्यातल्या ग्रासलँड्स ट्रस्टची मंडळीही या कामात होती. खेळापुरती ओळख राहिली असती तर बिघडलं नसतं. पण अशी पिढी वाढली तर हजारो वर्षं या माळावर टिकलेला लांडगा त्यात विरघळून जाईल. शिवाय कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग लांडग्यांना आणि खोकडांना होतो. एका आजारी कुत्र्यानं सगळा कळप आजारी पडू शकतो. म्हणून पाळलेल्या कुत्र्याला लस द्यायची, त्याची नसबंदी करायची आणि त्याला माळावर मोकळं सोडायचं नाही. भुऱ्याचं हे सगळं मी केलंय.

वनखात्यानं आता कडबनवाडीला माळरान सफारी सुरू केलीय. गावातलीच पोरं वाटाडे म्हणून बरोबर येतात, कुठं थांबायचं, किती लांब राहायचं ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. बिळाच्या जवळ ती कुणालाही नेत नाहीत आणि तुम्ही त्यांच्याकडं तसला हट्ट धरायचा नाही. माणसाचा वावर जास्त झाला की मादी पिल्लं उचलून दुसरीकडं नेते. उद्या पहाटे पाचला निघू. स्वेटर काढून ठेवा, माळावर गार वारं असतं. थोरल्या, कपाटाच्या वरच्या फळीवर दुर्बीण आहे, तिच्या काचा पुसून घे. भुऱ्या बरोबर येणार नाही. गाडीचा आवाज ऐकला की तो फाटकापर्यंत पळत येईल, म्हणून धाकटे, फाटकाची कडी लावायचं काम तुझं.